'शिकत आहे' हा रकाना गेला कुठे? गोंदियातलं मोठं घर आणि धानाचं वर्ष

पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. मनात एक विषय आहे, पण तो विभागात सांगायला संकोच वाटतो, कारण तो घरातला आहे. सण, स्वयंपाक, आजीनं शिकवलेलं काहीतरी. समोरून प्रश्न येतोच, "यात इतिहास कुठे आहे? साधनं काय?" मलाही आला होता. माझा विषय जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या गोंदियातल्या शेतकरी घरांमधलं शिक्षण. शाळेतलं नाही, घरातलं. मोठ्या कुटुंबात मुलं काय शिकायची, कोण शिकवायचं, आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात. साधनांच्या प्रश्नाचं उत्तर मला एका सरकारी अर्जातल्या रकान्यात सापडायला लागलं, म्हणून तिथूनच सुरू करते.

ब्रिटिश काळातल्या शिरगणतीत शिक्षणाचा रकाना असे. 1881 आणि 1891 या दोन्ही वेळी त्यात माणसांचे तीन वर्ग होते: शिकत असलेले, साक्षर आणि निरक्षर. 1891 च्या सूचनांमध्ये 'शिकत असलेला' कुणाला म्हणायचं हे सांगताना शाळा आणि कॉलेजच्या जोडीला घरी शिकणाराही धरला होता. म्हणजे मूल घरी शिकत असेल तरी प्रगणकानं त्याला 'शिकत' लिहायचं. 1901 मध्ये हा वर्ग काढून टाकला. तो नीट भरलाच जात नव्हता. नुकतीच शाळेत घातलेली पोरं निरक्षरांत पडायची, मोठे विद्यार्थी साक्षरांत जायचे आणि शिक्षणखात्याच्या पटाशी आकडा जुळायचा नाही. 1911 मध्ये साक्षरतेची कसोटी अजून पक्की झाली: मित्राला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता आलं पाहिजे.

प्रशासनाच्या बाजूनं हे सगळं रास्तच होतं. पण तुम्ही संशोधक म्हणून बघा. माणूस एकतर साक्षर किंवा निरक्षर, मधली 'शिकण्याची' अवस्था कागदावरून गेली आणि तिच्याबरोबर 'घरी' हा शब्दही गेला. लगेच भावनेच्या भरात जाऊ नका मात्र. 1891 च्या प्रगणकाच्या डोक्यात अक्षरओळखच असणार. रोवणी शिकणाऱ्या पोरीला त्यानं 'शिकत' लिहिलं असतं, असं मुळीच नाही. माझा मुद्दा एवढाच की घर ही शिकण्याची जागा असू शकते, हे एकेकाळी सरकारी सूचनेतही मान्य होतं.

आज 'होमस्कूलिंग' म्हटलं की आपल्यासमोर पुण्या-मुंबईतले आईवडील येतात, ज्यांनी विचार करून मुलांना शाळेतून काढलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवतं, पण न घातल्यास शिक्षा सांगत नाही. त्या फटीत ही घरं बसतात. मागे गेलात तर मराठीत 'घरी शिकणं' याचा सगळ्यात गाजलेला पुरावा म्हणजे रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', 1910 सालचं. मोठं कुटुंब, नवरा शिकवतोय आणि घरातल्याच बायका टोचून बोलताहेत. पुस्तक जरूर वाचा. पण ते पांढरपेशा पुण्याचं आहे. गोंदियाच्या घरात कुणी आठवणी लिहिल्या नाहीत. तिथे पुरावा पुस्तकात नाही, वर्षाच्या चक्रात आहे.

हे घर कसं होतं ते आधी सांगते. माझं आजोळ अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आईच्या लहानपणी एका चुलीवर वीस-बावीस माणसं जेवायची: आजी-आजोबा, चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं आणि एक विधवा आत्या. सालदार वेगळे, ते जेवायचे पण मोजले जायचे नाहीत (या वाक्याकडे परत येऊ). अशा घरात आईवडील शिकवत नाहीत, त्यांना वेळच नसतो. शिकवतात आजी, आत्या आणि दोन-तीन वर्षांनी मोठी असलेली भावंडं. मुलाखत घेताना "तुम्हाला आईनं काय शिकवलं?" असं विचारलंत तर "काही नाही" हे उत्तर मिळेल. "लहान असताना कुणाच्या मागंमागं फिरायचात?" असं विचारा. मग माणूस बोलायला लागतो.

धानाचं वर्ष मृगापासून. 7-8 जूनला मृग लागलं की घरातली मोठी माणसं पंचांगात नक्षत्राचं वाहन बघणार: बेडूक, म्हैस, कोल्हा, मोर. पोरांचं पहिलं पाठांतर हेच असायचं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. पाढ्यांआधी नक्षत्रं. पाठांतरासाठी पाठांतर नव्हतं हे; प्रत्येक नावाला एक काम चिकटलेलं होतं. पऱ्हे कधी टाकायचे, चिखलणी कधी, कुठल्या नक्षत्रात पाऊस दडी मारतो, हलकं धान कधी निसवतं आणि भारी कधी.

पऱ्हे टाकल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी रोवणी. हा वर्षातला सगळ्यात गर्दीचा काळ. रोवणीला बायांचे गट असतात, रोजीनं किंवा गुत्त्यानं, आणि घरच्याही सगळ्या बाया बांधीत उतरतात. बांधी म्हणजे धुऱ्यांनी वेढलेला धानाचा तुकडा, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. पोरांचं काम जुड्या पोचवण्याचं. ऐकायला सोपं वाटतं, पण जुडी कुठे टाकायची याला हिशेब आहे. फार दाट टाकल्या तर बाईला सारख्या बाजूला साराव्या लागतात, विरळ टाकल्या तर हात रिकामा राहतो आणि शिव्या मिळतात. अंदाज इथे शिकला जातो. आणि गाणीही. रोवणीची गाणी एक बाई म्हणते, बाकीच्या उचलतात. त्या ओळीत सात-आठ वर्षांची पोरगी कधी उभी राहिली हे तिलाही सांगता येत नाही.

दुसरा धडा पाण्याचा. गोंदिया-भंडारा तलावांचा मुलूख आहे. मालगुजारीच्या काळात गावोगाव बांधलेले हे तलाव आज सरकारी भाषेत 'माजी मालगुजारी तलाव' आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव मोठं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला असं परंपरा सांगते. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या चार खंडांतही कोहळ्यांच्या तलावांची आणि उसाची नोंद आहे. पण तलाव बांधण्याची आणि राखण्याची विद्या कुठल्या शाळेत होती? पाळ कुठे पाझरते, तुडुमातून किती पाणी सोडलं की शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं, कुठला धुरा आधी फोडायचा. आजोबा रात्री कंदील घेऊन पाणी बघायला जायचे, तेव्हा एक नातू बरोबर असायचा. तो भीतीपोटी नेलेला सोबती होता की विद्यार्थी? कागदपत्रांत तो दोन्ही नाही.

श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला लागतो, अष्टमीला मातीचा कान्होबा बसतो आणि संध्याकाळी पोथी सुरू असते. काही घरांत श्रीधराचा 'हरिविजय', काही घरांत तुलसीदासांचं 'रामचरितमानस', कारण गोंदिया मराठीबरोबर हिंदीचाही जिल्हा आहे. पवारांच्या घरात पवारी, आमच्याकडे झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. चार बोलींत वावरणं हेही घरानंच शिकवलेलं. शाळेत गेल्यावर मात्र पोराच्या 'डोरा'ला 'डोळा' म्हणायला लावायचे आणि 'पानी'चं 'पाणी' करायचे. झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जन्मभर केला. या भागात काम करणार असाल तर त्यांच्याकडे वळल्याशिवाय मुलाखती लिहून काढायला घेऊ नका. नाहीतर आजीची भाषा तुम्हीच 'शुद्ध' करून टाकाल आणि पुरावा गमावाल.

पोळा (आजीच्या तोंडी 'पोरा') हा मोठ्यांचा सण, तान्हा पोळा पोरांचा. दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून पोरं घरोघर जातात, बोजारा मिळतो. आदल्या दिवशी तोरणाखाली मोठ्यांनी म्हटलेल्या झडत्या दुसऱ्या दिवशी पोरांच्या तोंडी असतात, अर्धवट आणि चुकीच्या, पण चाल बरोबर. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी झडत्या गोळा केल्यात. त्या एका पिढीकडून दुसरीकडे नेमक्या एका रात्रीत कशा जातात, हे मला कुणी फारसं लिहिलेलं दिसलं नाही. विषय शोधत असाल तर घ्या, माझी हरकत नाही!

कापणी झाली की बांधीत कडपा, मग पुंजणे, मग मळणी आणि खळ्यावरचं मोजमाप. मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच. धान मोजताना पहिलं माप 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन... वीस झाले की खंडी. बाजूला बसलेलं पोर प्रत्येक खंडीला एक खूण ठेवणार, मूठभर धान किंवा खडा. म्हणजे विसाच्या गटानं मोजणं आणि खुणेनं लक्षात ठेवणं, दोन्ही एकदम. आमच्या आजीला सही येत नव्हती. ती शिरगणतीत निरक्षरच गेली असणार, आणि कसोटीनुसार ते खरंही होतं. पण ढोलीत किती धान आहे, त्यातलं बियाण्याचं किती, सालदाराचं किती, आणि वीस माणसांना आषाढापर्यंत किती पुरेल, हे तिला न लिहिता येत होतं. उद्या कुणी तुम्हाला "निरक्षर समाजातलं गणित" या विषयावर साधनं नाहीत असं सांगितलं, तर खळ्यावर जा.

भाऊबीजेनंतर मंडई. प्रत्येक गावाची तारीख वेगळी, त्यामुळे पाहुणे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊ शकतात. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरिकी निघतात. पोरांना गावाबाहेरचं नातं इथे कळतं: कोण कुणाचा साडू, कुठल्या घरात मुलगी द्यायची नाही आणि का. जातीची शिकवणही इथलीच. कुणाच्या ओसरीवर बसायचं आणि कुणाच्या अंगणातूनच परतायचं, हे कुणी पाटीवर लिहून दिलं नव्हतं.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगते. मार्च-एप्रिलला पहाटे मोहफुलं, मग तेंदूपत्ता. पत्ता तोडायला अख्खं कुटुंब जातं आणि घरी येऊन पुडे बांधतं. गोंदिया विड्यांसाठी प्रसिद्ध, आणि विड्या घरी वळल्या जायच्या. मजुरी हजारावर. आई वळणार, पोरगी पान कापणार, धाकटी दोरा बांधणार.

इथे थांबायला हवं, कारण इथे माझा विषय मला त्रास देतो. जुड्या टाकणाऱ्या नातीला मी 'शिकतेय' म्हटलं. मग विडीचं पान कापणाऱ्या पोरीला काय म्हणू? बोटांचं कौशल्य तिथेही आहे, मोजणीही आहे. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं कारखान्याच्या जागेत मुलांना मनाई केली. 1986 च्या बालकामगार कायद्यानं विडीकाम धोकादायक यादीत घातलं, पण घरच्या माणसांच्या मदतीनं चालणारं काम त्या बंदीतून सोडलं. 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांत बंदी केली आणि तरी शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या कामात मदतीची मुभा ठेवली. पन्नास वर्षं कायदा एकाच प्रश्नाभोवती फिरतोय: घरात जे चालतं ते शिकणं की राबणं?

आणि आता तो सालदार, जो जेवायचा पण मोजला जायचा नाही. त्याचा पोरगा आमच्याच गोठ्यात होता. गुरं चारायचा. नक्षत्रं त्यालाही पाठ, पाणी त्यालाही कळायचं, बहुधा मामांपेक्षा जास्त. पण संध्याकाळी पोथी उघडली की तो ओसरीच्या खाली. मोठ्या घराची शाळा घरातल्या मुलांना हिशेब, अक्षर आणि हुकूम करणं शिकवत होती. त्याला काम आणि ऐकणं. आत्या पोथी ऐकून पाठ म्हणायची, पण वाचायला तिला कुणी बसवलं नाही. तेव्हा 'पूर्वी घरातच किती छान शिक्षण होतं' असा लेख लिहायला माझ्याकडे भरपूर माल आहे, आणि मी तो लिहिणार नाही. सरकारी शाळा या पोरासाठी घराबाहेर पडण्याची एकमेव वाट होती. 1920 चा मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा, 1937 नंतरची रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना (तिच्यात शाळेचा खर्च शाळेला मिळालेल्या जमिनीतून निघावा अशी कल्पना होती), आणि स्वातंत्र्यानंतर मनोहरभाई पटेलांनी या भागात काढलेल्या शाळा, हे सगळं त्या पोराच्या बाजूनं वाचलं की वेगळं दिसतं.

आता साधनांचं, कारण तुम्ही त्यासाठीच इथवर आलात. पहिली अडचण पत्त्याची. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 चा. त्याआधीचं सगळं 'भंडारा' नावाखाली. 1908 चं रसेलचं भंडारा गॅझेटियर उघडलंत तर तिथे तहसिली तीनच: भंडारा, तिरोडा, साकोली. 'गोंदिया' शोधत बसाल तर रेल्वे स्टेशन मिळेल, तुमचं गाव नाही. दुसरी अडचण राज्याची. हा मुलूख मध्य प्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, 1 नोव्हेंबर 1956 पासून मुंबई राज्य आणि 1960 पासून महाराष्ट्र. जुनी कागदपत्रं नागपूरलाच असतील असं धरून चालू नका.

गावपातळीवर दोन गोष्टी मागा. एक, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक. तलावाचं पाणी, मासे, चराई, जळण यांवर कुणाचा काय हक्क ते यांत असतं. शिक्षणाच्या विद्यार्थ्याला हे कशाला, असं वाटेल. पण मूल दिवसभर कुठे फिरू शकत होतं आणि कुठे नाही, हे याच कागदात आहे. दोन, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर. मुख्याध्यापकांना पत्र देऊन, परवानगी घेऊन बघा. नावं तुमच्या वहीत लिहू नका, अनुक्रमांक लिहा. जन्मतारखांवर विश्वास ठेवू नका. जून-जुलैच्या तारखा ओळीनं दिसल्या तर समजा की गुरुजींनी प्रवेशाच्या वयात बसवण्यासाठी तारीख 'दिली' आहे. खरी माहिती शेवटच्या रकान्यांत असते: शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. 'सतत गैरहजर' असं कारण आणि तारीख श्रावणातली असेल तर ती नोंद रोवणीची आहे, कंटाळ्याची नाही. जुने हजेरीपट मिळाले तर जुलै-ऑगस्ट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने बाकीच्या वर्षाशेजारी ठेवून पाहा, मुलामुलींचे वेगळे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात. उन्हाची दखल वेळापत्रकानं घेतली आहे. रोवणीची नाही. शाळा उघडून मुलं बाकावर बसतात न बसतात तोच पऱ्हे तयार होतात.

मुलाखतींचं शेवटचं आणि अगदी व्यवहाराचं. जुलैमध्ये कुणाच्या घरी जाऊ नका. तुमच्याशी बोलायला थांबलेल्या बाईची रोजी बुडते. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडाही टाळा, तेव्हा धान बांधीत असतं आणि आभाळाकडे सगळ्यांचं लक्ष. मंडईचे आठवडे चांगले. त्या गावची मंडई कधी आहे ते आधी विचारा, आदल्या दिवशी पोचा, आणि माहेरी आलेल्या वयस्कर आत्यांना एकत्र बसवा. एकटीला विचारलंत तर ती "मला काय कळतं" म्हणेल. तिघी बसल्या की एकीची नक्षत्रं दुसरी दुरुस्त करते, आणि तिसरी सांगते की पोथी ओसरीच्या खाली उभं राहून कोणकोण ऐकायचं.

माझ्या हातात सध्या एका गावाचं दाखलखारीज आहे. घरातल्या नातवंडांची नावं एकाच पानावर ओळीनं आहेत, मुलींची दोनच. सालदाराच्या पोराचं नाव अजून सापडलेलं नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावचं रजिस्टर बघायला मिळणार आहे. तिथे त्याचं आजोळ होतं.